सलग सात वर्षं

आमच्याकडे बाईनं बाळंतपणाला माहेरी जावं, याचा कुणी विचार वगैरे करत नसे. सातवा लागला की माहेरचं माणूस न्यायला यायचं, ट्रंक भरायची आणि निघायचं. पहिलं बाळंतपण असो की पाचवं. माझ्या मायची सगळी बाळंतपणं तिच्या माहेरीच झाली. भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं चाळीस-पन्नास घरांचं गाव. माझाही जन्म तिथलाच. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे माझं जे काही झालं ते यातूनच झालं, आणि त्यात चूक शोधायला गेलं तर कुणाचीच सापडत नाही. मला राग पटकन येतो. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या.

मी आठ वर्षांची असताना आमच्या गावात एक मुकादम आला. भिलाईला लोखंडाचा मोठा कारखाना उभा होऊन राहिला, पायाच्या खोदाईला माणसं पाहिजेत, असं तो सांगत फिरला. आमच्या दोन बांध्या होत्या. त्यात काकांचं घर चालायचं आणि आमचंही, म्हणजे दोन्ही घरं ओढूनताणून. बाबा निघाले. पहिले एकटे गेले, दोन महिन्यांनी आम्हाला न्यायला आले. गाडीत त्यांनी मायला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ठेकेदार आसपासच्या गावची माणसं घेतच नाही. ती रोवणीला पळतात, कापणीला पळतात, कुणाच्या घरी मयत झाली की तेरवीपर्यंत तोंड दाखवत नाहीत. दूरचा माणूस पळून जाणार कुठं? म्हणून आपल्याला इतक्या लांबून आणलं. मायला ते ऐकून बरं वाटलं. मलाही वाटलं. आपण कुणाच्या तरी पसंतीला उतरलो, एवढंच मला त्यातलं कळलं.

मरोद्याच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांच्या लांब ओळी होत्या. तो आमचा लेबर कॅम्प. लाल मुरमाची धूळ भातात, अंथरुणात, केसांत. दोन ओळी पलीकडे तेलुगू बोलायचे, त्यांच्या मागे बिहारी, नळावर पंजाबी बाई सगळ्यांना रांगेत उभं करायची. शाळा हिंदी. घरी मात्र माय हिंदीचा एक शब्द चालू द्यायची नाही. मी "पानी दे" म्हटलं तर ती ऐकूच आलं नाही असं करायची, पाणी म्हणेपर्यंत.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा आमचं गाव आणि भिलाई एकाच राज्यात होती. त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, राज्यांची नवी वाटणी झाली. दरेकसाच्या बोगद्याच्या तिकडचं सगळं दुसऱ्या राज्यात गेलं, इकडचं जिथल्या तिथं राहिलं. गाडी तीच, तिकीट तेच, बोगद्यात शिरताना लेकरं ओरडायची तीही तशीच. बाबा म्हणाले, नकाशा त्यांचा, आपल्याले काय, खड्डे तर तेवढेच खंदायचे. फरक पडला तो तांदळात, तोही पुढे काही वर्षांनी. एका राज्याचा तांदूळ दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी आली आणि गाडीत पोलीस बोचकी उचकू लागले. मग मायनं उशा शिवल्या. ती दर वर्षी कापणीला गावी जायची. परत येताना आमच्या बांधीतला तांदूळ उशीत, उशी लहान भावाच्या डोक्याखाली आणि भाऊ झोपेचं सोंग घेतलेला. एकदाही पकडली गेली नाही. त्या कामात ती पक्की होती.

कॅम्पच्या मागेच मरोदा गाव. तिथली एक पोरगी माझ्या वर्गात होती. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या बाया भोजली विसर्जन करतात. टोपलीत अंधारात वाढवलेले गव्हाचे पिवळे कोंब डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तळ्यावर जातात. ज्या दोघींना जन्माची मैत्री करायची त्या एकमेकींच्या कानावर ते कोंब खोवतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भोजली म्हणायचं, भेटलं की "सीताराम भोजली" म्हणायचं, आणि एकीची आई ती दुसरीचीही आई. तिनं माझ्या कानावर कोंब खोवले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मायला हे पटलं नव्हतं, परमुलखातल्या रीती कशाला, म्हणाली. पण भोजलीच्या आईनं नवीन लुगडं आणि खण घेऊन आमच्या खोलीत पाऊल टाकलं, तशी माय विरघळली. माय आणि ती पुढे एकाच ठिकाणी घमेली वाहत होत्या, रेजा म्हणून, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया. आजही मी तिचं नाव लिहिणार नाही.

भोजलीच्या घरची जमीन कारखान्यात गेली होती. तिचा बाप कधी कधी आमच्या दाराशी येऊन बसायचा. बिडी ओढता ओढता तो कारखान्याच्या चिमण्यांकडे हात करून सांगायचा, त्या तिकडं, त्या क्रेनच्या खाली, माझं मोठं वावर होतं, धुऱ्यावर मोहाची दोन झाडं होती. सांगताना तो रागावलेला नसायचा. कामासाठी तो रोज गेटवर जायचा आणि बहुतेक दिवशी परत यायचा. बाबा त्याला चहा द्यायचे आणि त्याच्याकडे न पाहता बोलायचे. तसं का, ते मला तेव्हा कळत नसे. दूरचा माणूस पळत नाही, हे बाबांना माहीत होतं, आणि जवळच्या माणसाला त्याच्याच वावरात काम का मिळत नाही, तेही माहीत होतं.

मी दहा वर्षांची झाले आणि माय पुन्हा गरोदर राहिली. भिलाईत तोवर दवाखाना सुरू झाला होता. बाबांनी दबकत विचारलं, इथंच करायचं का? मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. परमुलखात, चार भाषेच्या बायांत ती बाळंत होणार होती थोडीच! मामा न्यायला आला. मायनं मलाही घेतलं, हाताशी मुलगी पाहिजे म्हणून. शाळेचं काय, असं बाबा म्हणाले. बाळंत झाली की पंधरा दिवसात येते का नाई पाहा, माय म्हणाली.

भाऊ झाला आणि मायला ताप भरला. चार दिवस, सहा दिवस, तो उतरेना. आजीनं अंगारे लावले, मामानं देवाला कोंबडं बोललं. मी पाणी तापवत होते, कापडं उकळत होते, भावाला मांडीवर घेऊन बसत होते. मायचे डोळे उघडे असायचे पण ती मला ओळखत नसे. शेवटी मामा बैलगाडी जुंपून तालुक्याहून एका नर्सबाईला घेऊन आला. पांढरं लुगडं, पायात काळे बूट, हातात पत्र्याचा डबा. तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, फक्त मला आत ठेवलं. हात कसे धुवायचे ते मला दाखवलं, सुई उकळायला लावली. तीन दिवस ती आमच्याकडे राहिली. चौथ्या दिवशी मायनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तू जेवली का? मी रडत सुटले. नर्सबाई हसली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली की ही पोरगी कामाची आहे. बस, त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

मायला उठून बसायलाच दोन महिने लागले. बाळंतपणापुरती आलेली मी तिथंच अडकले. गावच्या शाळेचे गुरुजी आजोबांच्या ओळखीचे. ते घरी येऊन म्हणाले, पोरीचं वर्ष कावून वाया घालवता, मी तिचं नाव माझ्या हजेरीत टाकतो. त्यांनी नाव टाकलं, परीक्षा घेतली, पास केलं, आणि जूनमध्ये आम्ही निघालो तेव्हा एक दाखला लिहून दिला. इतकं सुंदर अक्षर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत या शाळेत होती, वर्तणूक उत्तम. मायनं तो दाखला पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवला आणि भिलाईला आल्यावर बाबांना सगळ्यात आधी तोच दाखवला. माझ्या बापाच्या गावानं पोरीचं वर्ष वाचवलं, असं ती दहा जणींना तरी सांगत फिरली असेल. भिलाईच्या शाळेनं तो दाखला पाहून मला पुढच्या वर्गात घेतलं आणि माझ्या नावापुढे तशी नोंद केली.

पुढची सहा वर्षं मी दुसरीकडे मान वळवली नाही. भोजली आणि मी दोघीही नर्सिंगला जाणार, हे ठरलेलंच होतं. तिचं गणित कच्चं, ते मी घोटून घ्यायची. माझी हिंदी मराठीच्या चालीवर जायची, ती हसून हसून लोळायची आणि मग सुधारून द्यायची. रायपूरकडे एका दवाखान्यात नर्सिंगचं ट्रेनिंग होतं. राहायला जागा, जेवण, वर शिकताना थोडं हातखर्चाला. मला मार्क चांगले पडले. भोजलीला माझ्यापेक्षा बरेच कमी. दोघींचे अर्ज आम्ही एकाच टेबलावर बसून, एकाच दौतीत टाक बुडवून भरले.

कचेरीत बोलावलं तेव्हा बाबा कामाचा दिवस बुडवून माझ्यासोबत आले. खुर्चीतला बाबू म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं माझे मार्क पाहून मान डोलावली. मग विचारलं, जन्म कुठला? मी सांगितलं. तो थांबला. ट्रेनिंगच्या जागा या राज्यातल्या मुलींसाठी होत्या. जन्म इथला पाहिजे, नाहीतर सलग सात वर्षं इथं राहिलेलं पाहिजे. सरकारी नोकराच्या, नाहीतर कारखान्याच्या पक्क्या कामगाराच्या मुलांना यातून सूट होती. बाबा नऊ वर्षांनंतरही ठेकेदाराचेच माणूस होते. एक ठेकेदार गेला, दुसरा आला, बाबा तिथंच.

मी बाबूला सांगितलं की माझा जन्म झाला तेव्हा ते गाव याच राज्यात होतं.

"तब था, बेटी," तो म्हणाला. "अब नहीं है."

मग मी म्हटलं, आम्ही येऊन नऊ वर्षं झाली. तो खूश झाला. खरंच झाला, मी पाहिलं. अरे मग अडचण काय, म्हणत त्यानं माझ्या शाळेचा कागद उलटला आणि बोट ठेवून वाचू लागला. पाचवीच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. दुसऱ्या राज्यातल्या शाळेतून, असं तिथं लिहिलं होतं. त्यानं बोटांवर मोजलं, परत मोजलं. तिथून पुढे सहाच वर्षं होत होती. आधीची तीन तुटली.

मी बोलत सुटले. माय आजारी होती, मी शिकायला गेले नव्हते, आमची खोली इथंच होती, बाबा इथंच होते, गुरुजींनी माझं वर्ष वाचावं म्हणून नाव टाकलं. बाबूनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, शाळेत नाव नसतं तर मी नऊ वर्षं धरली असती. नापास होऊन घरी बसली असतीस तरी धरली असती. पुढच्या वर्षी ये, तेव्हा सात भरतील. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा नियमच बदलला होता, सातांची दहा वर्षं झाली होती.

मामानं तिकडच्या राज्यातही खटपट केली. जन्म तिथला, मामा तिथला, वावर तिथलं. तिथं ते म्हणाले, मॅट्रिक कुठून झाली? इथं शिकल्याचा काही पुरावा? मामानं गुरुजींचा दाखला पुढे केला. त्यांना किमान चार वर्षं पाहिजे होती. इकडे एका वर्षानं सगळं तोडलं आणि तिकडे तेच वर्ष एकटं पडलं. मला हसू आलं, खरं सांगते. हसूच आलं आधी.

भोजलीला जागा मिळाली. या राज्यातली, आणि वर घरची जमीन कारखान्यात गेलेली, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी बोलावलं. मी घरात भांडी आदळली. बाबांना म्हटलं, जा आणि भांडा, मुकादमाला सोबत घ्या, तिच्यापेक्षा मला किती जास्त मार्क आहेत ते दाखवा. या कारखान्यासाठी कोळसा येतो तो कोणत्या राज्याचा हे कुणी विचारत नाही. सिमेंट येतं, माणसं येतात, तुम्हाला आणलं तेव्हा कुणी विचारलं होतं का की जन्म कुठला? बाबा चुलीजवळ उकिडवे बसले होते. 

"तिच्या बापाच्या वावरात मी खड्डे खंदले," ते म्हणाले. "त्याले गेटवरून वापस लावून मले घेतलं. आता कोणत्या तोंडानं भांडू, सांग."

  ते बरोबर होते. म्हणून तर जास्त राग आला.

जायच्या आदल्या दिवशी भोजली आली. दारातच उभी राहून म्हणाली, सीताराम भोजली. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली की मी नाही जात, तुझ्याशिवाय मला गणित कोण शिकवणार. मी तिला म्हटलं, जा की, जमीन विकून जागा घेतली, आता नखरे कशाला? जमीन विकली नव्हती हे मला चांगलं माहीत होतं. ती निघून गेली. तिच्या आईनं मात्र दुसऱ्या दिवशीही मायच्या जोडीनंच घमेली वाहिली.

 एकदा मी अंगणातून आत आले तर माय पेटी उघडून गुरुजींचा दाखला हातात धरून बसलेली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो उलटा धरला होता. मला विचारलं, यात वाईट काय लिवलं आहे? मी म्हटलं, वाईट काही नाही, वर्तणूक उत्तम लिहिलं आहे. तिनं तो परत ठेवला. त्यानंतर ती कापणीला गावी गेली तरी दोन दिवसांच्या वर राहायची नाही, आणि भावाला तर नेतच नसे. उशी आता ती स्वतःच्या डोक्याखाली घ्यायची.

पुढे माझं लग्न झालं. सासर गोंदियाला. नवरा राइस मिलमध्ये फिटर, शांत माणूस, माझ्या रागाला तो पुरून उरला. दीड वर्षानं मला दिवस गेले. भोजलीला कुठून तरी कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं पत्र आलं. हिंदीत लिहिलं होतं, अक्षर तसंच तिरपं. ती नर्स झाली होती, भिलाईतच बाळंतिणींच्या वॉर्डात होती. तू माहेरी येशीलच, पहिलं बाळंतपण आहे, माझ्या हातानं होऊ दे, असं तिनं लिहिलं होतं. शेवटी सीताराम भोजली. मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल! मी बोलले ते तिनं मनात धरलं नव्हतं, निदान तसं लिहिलं तरी होतं. सातवा लागायच्या आधीच मी ट्रंक भरून ठेवली.

बाबा न्यायला येणार म्हणून सासूबाईंनी पुरणाची डाळ काढून ठेवली. आली माय. एकटी. मुलीला न्यायला बाप येतो, भाऊ येतो, माय कधी येत नाही. तिनं पाणी घेतलं, सासूबाईंची विचारपूस केली, माझी ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं. मग मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं तिनं सांगितलं की मी तुला न्यायला आले नाही.

मला वाटलं बाबांना काही झालं. तसं नव्हतं.

"तू इथं राहतं, इथंच बाळंत हो," माय म्हणाली. "जिथं राहाचं तिथंच लेकराचं नाव लिवलं पायजे. तुले मी दोन राज्यांत फाडलं. तुह्या लेकराले नाई फाडत."

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. भोजलीचं पत्र तिच्यापुढे नाचवलं. पाच पायल्या तांदूळ पोलिसाच्या डोळ्यांसमोरून नेतेस आणि पोटच्या पोरीला न्यायला भीतेस का, असं विचारलं. बाळंतपणाला माहेर नाही तर कशाला असतं माहेर, असंही. ती ऐकत उभी होती. तिचा हात सारखा माझ्या पोटाकडे यायचा आणि ती तो मागे घ्यायची. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. ट्रंक मी रिकामी केली नाही, तशीच खाटेखाली ढकलली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की माहेरची दारं पहिल्याच वेळी बंद झाली, आणि मी ऐकत होते.

गोंदियाच्या दवाखान्यात दीड दिवस लागला. मुलगी झाली. ओळखीचं एक माणूस जवळ नव्हतं. मी मायला हाका मारल्या, मग भोजलीला मारल्या. नर्सनं विचारलं, भोजली कोण? मी म्हटलं, नर्स आहे. ती म्हणाली, मग इथं का नाही?

सहाव्या दिवशी माय आली. मेथीचे लाडू, डिंक, जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्या, आणि ती उशी. आल्याबरोबर तिनं पाळण्याकडे पाहिलं नाही.

"नाव कुठं लिवलं?" तिनं विचारलं.

मी कागद दिला. ती म्हणाली, वाच. मी गाव वाचलं, तालुका, जिल्हा, राज्य. परत वाच, म्हणाली. परत वाचलं. तेव्हा तिनं हातपाय धुतले, मुलीला उचललं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून रडली. मी तिला माफ केलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. तिचे लाडू मात्र खाल्ले.

मुलगी रांगायला लागली आणि नवऱ्याची मिल बंद पडली. गोंदियाच्या गिरण्यांत बोगद्यापलीकडून धान यायचं. बंदी कडक झाली, धान यायचं थांबलं, तशी एकेक गिरणी गप्प झाली. धान थांबलं तरी फिटरला कुणी थांबवलं नाही. भिलाईला लागून असलेल्या सुपेल्यात लहान लहान वर्कशॉप निघून राहिले होते, कारखान्याची फुटकळ कामं घेणारे. तिथल्या मालकानं निरोप पाठवला की लांबचा माणूस पाहिजे, टिकून राहतो. नवरा म्हणाला, जाऊ या. खायचं काय, हा प्रश्न होता, जाऊ नये असं मी कशाच्या जोरावर म्हणणार होते? एका सकाळी आम्ही ट्रंक, स्टोव्ह, गादी आणि मुलगी घेऊन गाडीत बसलो. बोगद्यात मुलगी घाबरून मला चिकटली.

दुर्ग स्टेशनवर बाबा आणि माय आले होते. बाबांनी ट्रंक उचलली. मायनं मुलीला घेतलं नाही. ती फलाटावर तशीच उभी राहिली, मुलीकडे बघत. एवढा सगळा विचार करून, मला एकटीला तिकडे टाकून, तिनं त्या लेकराचं नाव जिथं लिहवून घेतलं होतं, तिथून ते लेकरू आता इकडे आलं होतं. कशासाठी आलं ते तिलाही माहीत होतं. ती स्वतः तशीच आली होती.

घरी आल्यावर तिनं माझ्याकडे कागद मागितला. पेटी उघडून गुरुजींच्या दाखल्यावर ठेवला आणि पेटी लावली. बाहेर येऊन तिनं बाबांना आजची तारीख विचारली. बाबांनी सांगितली.

"आजपासून मोज," माय मला म्हणाली. "दहा वर्षं. हिले घेऊन कुठं जाऊ नको. मी मेली तरी गावाले नेऊ नको."

कार्तिकात ती एकटीच कापणीला गेली. मुलगी दारापर्यंत तिच्या मागे रडत आली. मी तिला धरून ठेवलं.